नसलेला तास

३ मार्च, सोमवार

सापडलं! न सापडतं तर बरं झालं असतं.

सकाळी धाकट्याच्या जहाजावरून तेलाच्या नोंदवहीचे फोटो आले. तो तिथे सेकंड इंजिनिअर. आणि इथे कंपनीच्या ऑफिसात बसून अशा वह्या डोळ्यांत तेल घालून वाचणं हे माझं काम. भावाची वही म्हणून सूट नाही. १७ फेब्रुवारीची नोंद – इंजिनरूममधलं तेलकट पाणी मशीनमधून गाळून समुद्रात सोडलं, दुपारी १२.१० ते १२.५०. खाली त्याची सही.

पण जहाज पूर्वेला चाललंय. १७ला घड्याळं तासभर पुढे केली, बाराचा एकदम एक. १२.१० त्या दिवशी वाजलेच नाहीत!

घड्याळबदलाची यादी ऑफिसात मी एकटी ठेवते. सगळे हसतात त्यावरून. धाकटासुद्धा. ‘ताईची पंचांगं’ म्हणतो.

४ मार्च

एकदा नाही, तीनदा. १७, २१, २६. तिन्ही दिवशी घड्याळ पुढे केलेलं, तिन्ही नोंदी त्याच गायब तासातल्या. गाढव! झोपेत लिहितो का हा?

म्हणजे मशीन चाललंच नाही. वही नुसती भरली. मग पाणी गेलं कुठे? न गाळता समुद्रात, दुसरं कुठे. कुठून तरी पाइप जोडला असणार. दुसऱ्या कंपन्यांचे असले खटले मी वाचलेत. आत जातो तो सही करणारा.

१७ मार्चला जहाज बंदरात लागतंय. तिथले तपासनीस कडक.

५ मार्च

साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या जहाजाचं गाळायचं मशीन चालू आहे ना?

“वहीत चालू आहे ना? मग चालू आहे.”

मशीनच्या भागांची मागणी नोव्हेंबरात आली होती, तिचं काय झालं? “पुढच्या वर्षी बघू.” मग जरा प्रेमाने – “हे बघा, तपासनीस आधी वही बघतात. वही सरळ असली की कोणी खाली इंजिनरूममध्ये उतरून जमिनीचे पत्रे उचलत नाही. तुमची वही सरळ ठेवा.”

त्यांच्या डोक्यामागे स्वच्छ समुद्राचं प्रशस्तिपत्र, काचेत. काच मात्र रोज पुसतात.

७ मार्च

आई रोज विचारते, जहाज कुठवर आलं? मी नकाशावर बोट ठेवून दाखवते. आज बोट ठेवताना तिच्याकडे बघवलं नाही.

लहानपणी हा काही फोडायचा आणि तोंडाला कुलूप. पण एक तुकडा हळूच माझ्या दप्तरात ठेवायचा. मला सापडला की मी ओरडायचे, मग हा रडून मोकळा. आईला वाटायचं मी फार हुशार, सगळं शोधून काढते.

९ मार्च, रविवार

धाकट्याचा फोन. जहाजावरचा, म्हणजे कॅप्टनच्या कानाशी. त्यामुळे तोलून मापून बोलणं.

“तुझ्या घड्याळाचं काय बिघडलंय?” म्हटलं. “तीन वेळा. तो तास नव्हताच.”

मग – “दिसलं तुला?”

“मला नाही तर कोणाला दिसणार?”

“हो, तेच. मग आता काय करणार, ताई?”

“निस्तरणार. आजवर काय केलंय दुसरं?”

“... बरं.”

बरं म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता. मला वाटलं, घाबरलाय. आईची चौकशी केली आणि ठेवला. मी त्याच्यावर चिडले होते आणि मला त्याला मिठीही मारायची होती.

१० मार्च

केलं.

जहाजाला निरोप पाठवला – नोंदींच्या वेळा जहाजाच्या घड्याळाशी जुळत नाहीत, दुरुस्त कराव्यात. एवढंच, साळसूद वाक्य. संध्याकाळपर्यंत चीफ इंजिनिअरचं उत्तर – आभारी आहोत! नवी वही काढली, पहिल्यापासून पुन्हा उतरवली, जुनी भट्टीत टाकली. सोबत नव्या पानांचे फोटो. तिन्ही वेळा आता दुपारी दोननंतरच्या. सही धाकट्याचीच, पण जरा वाकडी.

जुने फोटो मी पुसले. सहा वर्षांत कशावर पांघरूण घातलं नव्हतं.

१२ मार्च

जेवण जात नाही. आई म्हणते, डॉक्टरला दाखव.

१७ मार्च, सोमवार

सुटलो!!

तपासनीस दोन तास जहाजावर होते. वही पानन् पान वाचली, घड्याळाच्या नोंदींशी लावून पाहिली – हो, तेही बघतात ते! काही निघालं नाही. खाली उतरलेच नाहीत. साहेबांनी केक मागवला. माझ्या पाठीवर थाप. “वही असावी तर अशी.”

खाल्ला मी तो केक. आईला सांगितलं, पोरगा सुखरूप आहे. तिने विचारलं, त्याला काय झालं होतं?

१८ मार्च

धाकट्याचा मेसेज. बंदरावरून, स्वतःच्या फोनवरून. जसाच्या तसा उतरवते.

“ताई, पाइप अजून तिथेच आहे. चीफ माझ्याकडून रोज सही घेतो. नाही म्हटलं तर पुन्हा कुठल्या जहाजावर पाय ठेवू देणार नाही म्हणतो. फोनवर बोलता येत नव्हतं. वाटलं, तुला दिसेल, तू तपासनिसांना सांगशील, ते पत्रे उचलतील. तीन वेळा तुझ्या दप्तरात तुकडा ठेवला गं.”

जुने फोटो पुन्हा शोधले. नाहीत. मी काम नीट करते.