मामांनी मान फिरवली

बारामती, ता. ६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
राजवर्धनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला तोंड नाही, म्हणून लिहितोय. परवा आमच्या वॉर्डात ब्रदरच्या ड्यूटीवर असताना मामांना वाफ द्यायला मी मास्क धरला, तर त्यांनी मान फिरवली. माझ्या बोटांना सिगरेटचा वास येत होता, सॅनिटायझर लावूनही गेला नव्हता. याच बोटांनी दिवाळीत मी त्यांच्या हातातली बिडी हिसकावली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

ओढणाऱ्या स्टाफसाठी आमच्याकडं समुपदेशक स्वरूपामॅडम येतात. त्या म्हणतात, सवय एका झटक्यात सुटत नाही. आधी मनात यावं लागतं, मग तयारी, मग सोडणं, मग टिकवणं. कुठल्या पायरीवर आहेस, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, कधीच सोडली. खोटं बोललो. मामांना यातलं काही सांगू नकोस.

माया आटू देऊ नकोस.
तुझा राजवर्धन

सणसर, ता. १४ जानेवारी

चि. राजवर्धनास अ. आ.

हितं समदी खुशाल हायेत असं लिवायची रीत हाय, पन खुशाल न्हाय. दवाखान्यातनं आल्यापास्नं आमचं मालक, तुजं मामा, पुन्ना बिडी वढाय लागल्यात. बोलले तर म्हनत्यात, दवाखान्यातला बरदरच वढतोय, मग मला काय हुतंय? गोठ्यापातुर चाललं तरी धाप लागती.

व्हय रं शहाण्या, थोरांम्होरं वढायची न्हाय एवढा मान राखतोस, आन वास मातुर त्यांच्या नाकाला लावतोस! लय राग आलाय. ऐतवारी ये आन तूच सांग त्यास्नी.

जीव हाय तुज्यावर, ईसरू नगं.
कुशाबाई

बारामती, ता. २० जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि वॉर्डामागं जाऊन आधी सिगरेटच ओढली. बघ, असा मी. मग स्वरूपामॅडमना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. म्हणाल्या, आता कुठं तयारीची पायरी आली. ज्यांच्यापासून लपवतोस त्यांनाच आधी सांग.

रविवारी येतो. खिशातलं सिगरेटचं पाकीट मामांच्याच हातात देणार. मग त्यांनी मुस्काटात मारली तरी चालेल.

रागाबरोबर थोडा लोभही ठेव.
तुझा राजवर्धन

सणसर, ता. २८ जानेवारी

चि. राजवर्धनास अ. आ.

तू पाकीट देऊन गेलास आन मामा जेवलंच न्हाईत. मग आपनहून बोललं. दवाखान्यात मान फिरवली ती वासानं न्हाय, लाजंनं. सुट्टीला ल्हान असताना यायचास, तवा चुलीवरनं बिडी पेटवून आनाय तुला धाडायचं कोन? त्येच की. इझू नये म्हनून तू झुरकं मारत यायचास, आन आमी हासायचो. मीबी हासायचे रं.

तुजं पाकीट आन त्यांचं बंडल त्यांनीच चुलीत घातलं. आता इचारत्यात, तुज्या म्याडमच्या पायरीवर दवाखान्याभाईरच्या मानसाला जागा हाय का.

लवकर कळीव.
तुजी आत्या