अनामिकेची लांबी

१२ सप्टेंबर २००४, रविवार
पूर्णिमा माहेरी गेली. कारण क्षुल्लक. काल कोथिंबीर आणायला गेलो आणि ट्रेडमिल घेऊन आलो. भाजीबाजाराशेजारी सेल होता. पलंग आता गॅलरीत आहे.
जाताना म्हणाली, दसऱ्यापर्यंत एकही गोष्ट विचार न करता करू नका. जमलं तर परत येईन. नाही जमलं तर सदाशिव पेठेत मला बरं आहे.
निश्चय केला. लगेच.

१४ सप्टेंबर, ऑफिस
नेटवर लेख सापडला. उतावळेपणा जीन्समध्ये आणि हार्मोन्समध्ये असतो. अनामिका, म्हणजे अंगठीचं बोट, तर्जनीपेक्षा लांब असेल, तर पोटात असतानाच हार्मोन जास्त मिळालेलं असतं. माझी लांब आहे. म्हणजे ट्रेडमिल माझ्या जन्माआधीच ठरली होती.
पूर्णिमाला फोन केला. म्हणाली, मग कोथिंबीर का नाही ठरली?
अभ्यास वाढवला पाहिजे.

१७ सप्टेंबर
स्टीलच्या पट्टीने टीममधल्या सगळ्यांची बोटं मोजली. फैझलची अनामिका माझ्याहून लांब. तो गेल्या रमजानपासून मोबाइल कुठला घ्यावा याचा विचार करतो आहे. शास्त्रात अपवाद असतात.
मॅनेजरने हात दाखवायला नकार दिला. मी राजीनामा दिला. दुपारी मागे घेतला. मागे घेण्याआधी विचार केला, हे महत्त्वाचं. प्रगती आहे.

२५ सप्टेंबर
जीन्सचा माग काढायला लातूरला आप्पांना फोन केला. आपल्या घराण्यात उतावळं कोण होतं? आप्पा म्हणाले, कोणी नाही. तुझ्या काकाच्या लग्नाचा आम्ही इतका विचार केला की काका राहिलाच. मग म्हणाले, घाई केली ती एकट्या तुझ्या आईने. मला हो म्हणाली.
जीन आईकडून आला आहे. आईला सांगितलं. तिने फोन ठेवला. विचार न करता. पुरावा.

५ ऑक्टोबर
हार्मोन तपासायला सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये गेलो. उपाशीपोटी यायचं होतं. वाटेत मिसळ दिसली. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, पाटी वाचता येत नसेल तर डोळ्यांचा डॉक्टर समोर आहे. उद्या या. उपाशी.
पूर्णिमाचं घर मागच्याच गल्लीत. गॅलरीत ती उभी होती. तिने हात केला. मी केला नाही. आधी विचार करायला हवा होता. झाला तेव्हा ती आत गेली होती.

८ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. यंत्र जुनं असावं.
डॉक्टर म्हणाले, जीन्सचा थोडा हात असतो, पण एका माणसाच्या बोटावरून त्याचा स्वभाव कळत नाही, आणि बोटं खरेदीला जात नाहीत. औषध विचारलं. म्हणाले, दुकानाबाहेर दहा मिनिटं उभे राहा.
त्यांची अनामिका आखूड आहे. त्यांना काय कळणार.
तरी उपाय सुरू केला.

१५ ऑक्टोबर
पूर्ण बदललो आहे. आज चहा की कॉफी याचा विचार करताना कॅन्टीन बंद झालं. दोन बस सोडल्या. फैझल म्हणाला, भाई, तुझ्यापेक्षा मी बरा. कालच मोबाइल घेतला.
त्याचं हार्मोन माझ्याकडे आलं असेल का, उलट झालं असेल का, पाहिलं पाहिजे.

२२ ऑक्टोबर, दसरा, सकाळ
पूर्णिमाचा फोन. अहो, बॅग भरून खाली उभी आहे. न्यायला येता? आत्ता?
आत्ता! सापळा ओळखला. म्हणालो, विचार करून सांगतो.
ती म्हणाली, करा.
आवाज भरून आला होता. अभिमानाने असणार.

संध्याकाळ
सर्व बाजूंनी विचार केला. निर्णय: आणावं. वाटेत कोथिंबीर घेतली. फक्त कोथिंबीर.
सासूबाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, दुपारपर्यंत खाली उभी होती जावईबापू, मग वर आली आणि बॅग रिकामी केली. तुमचा विचार झाला का? तिचाही झाला.
त्यांनी कोथिंबीर आत घेतली. दार लावलं.