घाण्यावर उशिरा पोचलेली चिठ्ठी

मी, मच्छिंद्र सूर्यभान औटी, वय चोवीस, मूळ राहणार पारनेर, हल्ली मुक्काम नगरचा दवाखाना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. लिहायचं तीन आठवडे टाळलं. कधी शाई नाही म्हणालो, कधी दम लागला म्हणालो. उद्या फुप्फुसाचं ऑपरेशन आहे, आता सबब उरली नाही.

१. सायकल धाकट्या बहिणीला, झुंबरबाईला. तिचा नवरा म्हणेल, बाईमाणसाला सायकल कशाला? म्हणू दे.

२. चुलते कारभारी यांना काही नाही. सातवीतून काढून त्यांनी मला शेळ्यांमागं पाठवलं. शेळ्यांबद्दल तक्रार नाही. त्यातली एक कबरी तर हाक मारली की... असो.

३. शंभर फुटी टेप सर्व्हेअर आबासाहेबांना परत. कुठं आग लागली की विमा कंपनीतर्फे नुकसान ठरवायला ते जात, टेपचं दुसरं टोक मी धरी. करडईची पोती जळाली तरी तळाचा थर राहतो, तो बघून किती पोती होती ते सांगत. माणूस कडक, पण दावेदाराच्या घरचा चहासुद्धा घेत नसत.

४. हे कलम मुख्य. दोन वर्षांमागं तिसगावला भिमाजींचा तेलघाणा जळाला, तेही त्यात गेले. "मी येईपर्यंत राखेला हात लावू नये," अशी चिठ्ठी देऊन आबासाहेबांनी मला पुढं धाडलं. वाटेत करंजीला कुस्त्यांचा हगामा होता. थांबलो. पोचलो दुसऱ्या दिवशी. तोवर भिमाजींच्या बायकोनं, साळूबाईनं, राख उकिरड्यावर टाकून माणूस गेलेली जागा रीतीप्रमाणं सारवली होती. शेण अजून ओलं होतं, तेव्हा मी चिठ्ठी तिच्या हातात दिली.

दुपारी आबासाहेब आले. "चिठ्ठी कधी दिलीस?"

"कालच, साहेब."

साळूबाईला त्यांनी एवढंच विचारलं, चिठ्ठी मिळाली का. ती म्हणाली, "मिळाली जी." कधी, ते कुणी विचारलं नाही. अहवालात आलं, सूचना मिळूनही पुरावा हलवला. दावा नामंजूर. घाणा पुन्हा उभा राहिला नाही, साळूबाई ऊसतोडीला जाऊ लागली.

त्या दिवशी मी निघताना ती मला म्हणाली होती, "माज्याच हातानं घालवलं रं बाबा. कुनाला बोल लावू?" मी चपला शोधत राहिलो.

तरी लिहून देतो की चिठ्ठी सारवल्यानंतर दिली. दोष माझा, तिचा नाही. याची नक्कल आबासाहेबांना व कंपनीला द्यावी आणि फेरतपासणी मागावी. मी जगलो तरी द्यावी.

५. मला कुठंही जाळा. एका गावाला मी कधी टिकलो नाही.

साक्षीदार (मजकूर वाचलेला नाही, सही समोर झाली):
गोरक्ष, शेजारची खाट, राहणार तिसगाव
रंगनाथ, वॉर्डातले मलमपट्टी करणारे ड्रेसर

सही: मच्छिंद्र सूर्यभान औटी
अहमदनगर, ता. ९ मार्च १९७१

सहीखाली लिहू नये म्हणतात, पण लिहितो. गोरक्षची आते आत्ताच आली, त्याचा डबा घेऊन. साळूबाई. मला वाटलं होतं, या दिवसांत ती तोडीवर असेल. माझ्या खाटेवर टेकली आहे.

"टेपवाला न्हवं का तू? लई वाळलास. काय लिवतूस एवढं?"

तुमचंच आहे, म्हणालो.

"मला कुठं येतंय वाचाया. तूच वाच, आयकते."