बोहनीच्या आधीची ज्वारी

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

आष्टी,
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. रुद्राणीस, सासू महानंदाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल आहोत. चकलांब्याला तुझे आई-वडील आणि भाऊ अमरनाथ बरे असतील. वडिलांच्या गुडघ्याला तेल लावून शेक देत जा, डॉक्टर काय, सुया टोचायला बसलेलेच आहेत. शेजारच्या वच्छलाबाईंच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा बीडला कचेरीत आहे, असं त्या सांगतात. कसली कचेरी ते विचारलं की विषय बदलतात. आपल्या दुकानात नवी ज्वारी अजून यायची आहे, जुन्यावरच चाललंय.

पत्र बघून तू म्हणशील, या बाईला फोन असताना पोस्ट कशाला आठवलं. मी फोनवर बोलायला लागले की समोरच्याला जागा राहत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? कागदावर वाकडं आलं तर खोडता तरी येतं. हे चौथं पत्र. आधीची तीन बंबात गेली.

परवा शनिवारी केदारने तुला एक व्हिडिओ पाठवला, स्वयंपाकघराच्या खिडकीतला. अधोलीच्या मापावर दोन मुनिया आणि एक साळुंकी. तुझं उत्तर त्याने मला वाचून दाखवलं. "कुणी काढलाय? हात लई हालतोय." तीन महिन्यांत तू आपणहून विचारलेली ही पहिलीच गोष्ट. केदार तेव्हापासून ती ओळ उघडून बघतोय, जसं काही तिच्यात अजून दोन अक्षरं उगवणार आहेत. तो तुझा नवरा म्हणून नाही, माझा मुलगा म्हणून सांगते, त्याचा चेहरा बघवत नाही.

हात माझा होता.

आता सगळं सांगते. तू गेलीस तेव्हा तुझा जुना, काच फुटलेला फोन खिडकीतच राहिला, मिठाच्या बरणीमागे. पाखरांसाठी तू तो तिथे टेकवून ठेवायचीस, ते मला माहीत होतं, पण मी त्याला खेळ म्हणत होते. डिसेंबरात बरणी धुवायला काढली तेव्हा तो हाती लागला. चार्जिंगला लावला. तुझी पाखरं उघडली. शंभराच्या वर व्हिडिओ असतील. मला वाटलं होतं दहा-वीस असतील.

मी दुपारभर बघत बसले. तुझ्या मामंजींची जुनी लोखंडी अधोली तू तारेने खिडकीच्या गजाला बांधलीस, तेव्हा मी केवढी बोलले होते. ज्या मापाने त्यांनी चाळीस वर्षं धान्य मोजलं, त्याला पाखरांची थाळी केली म्हणून. त्या अधोलीत चिमण्या अंग घुसळून बसतात, बुलबुल आधी इकडे तिकडे बघून घेतो, होला तर एकदा येऊन बसला की उठायचं नाव घेत नाही. मी पासष्ट वर्षांची झाले, पण होल्याच्या मानेवर ठिपके असतात हे मला तुझ्या फोनने दाखवलं.

एक गोष्ट मात्र कळेना. प्रत्येक व्हिडिओत पाखरं मजेत खात असतात आणि एकदम भुर्र उडून जातात. पहिले आठ-दहा बघेपर्यंत मला वाटलं, बंकटच्या घरचं मांजर येत असेल. मग चष्मा लावला आणि आवाज मोठा केला.

मांजर नव्हतं. मी होते. "रुद्राणी, दूध बघ." "कुठं मेलीस?" "आगं भाकर करपायली, नाक हाय का न्हाई?" प्रत्येक वेळी मी ओरडते आणि अधोली रिकामी होते. एकातही चुकलं नाही. माझा आवाज असा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची कोणाची छाती होती म्हणा. तुझे मामंजी शेवटची बारा वर्षं ठार बहिरे होते, त्यांच्यासाठी आवाज चढला तो चढला, ते गेले तरी खाली आला नाही. हे मी कारण म्हणून लिहीत होते, पण लिहून झाल्यावर वाचलं तर सबब वाटते. 'दूध बघ' ओरडून म्हणण्याला त्यांच्या बहिरेपणाचं कारण चालेल, 'कुठं मेलीस'ला चालत नाही.

एका व्हिडिओत तू हळूच हसून म्हणतेस, "आल्या का आत्याबाई, सगळ्यांना हाकलायला?" मी म्हटलं, मी कुठे आले? बघते तर साळुंकी, मान ताठ, सगळ्या चिमण्यांना चोचीने हुसकावतेय. मला आधी राग आला. मग इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. चालते अगदी माझ्यासारखी.

मग मीही व्हिडिओ काढायला लागले. फोन बरणीला टेकवला की मला तो पडेलसा वाटतो, म्हणून हातात धरते, म्हणून हलतो. मनाशी ठरवलं होतं की एक तरी व्हिडिओ असा निघावा ज्यात पाखरं पोटभर खाऊन आपल्या मनाने जातील. पहिले पंधरा दिवस जमलं नाही. लिंगपूजेला बसते तेवढा वेळ सोडला तर मी आयुष्यात गप्प बसलेली नाही. कोणी हाक मारली की ओ दिली, आणि गेली पाखरं. ज्वारी पडली तर पाखरांनाच म्हटलं, "सांडू नका गं." तीही गेली. शेवटी तोंडात लवंग धरून उभी राहिले. शनिवारी तुला आला तो सव्विसावा.

आणि आता दुकान उघडल्यावर पहिली मूठ अधोलीत मी स्वतः टाकते. बोहनीच्या आधी. हे वाचून तुला खरं वाटणार नाही. पहिलं गिऱ्हाईक होऊन पैसा हाती येईपर्यंत दुकानातला दाणा फुकट बाहेर द्यायचा नाही, हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाळलं. भिक्षेकऱ्यालासुद्धा थांबवून ठेवलंय. गिऱ्हाईक काही कमी झालं नाही. तात्याबा हमाल पहिल्या दिवशी बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, आज दिस कुणीकडून उगवला?"

त्या दिवशीचं आपलं भांडण याच ज्वारीवरून झालं, असं मी गावात सगळ्यांना सांगितलं. सुनेने बोहनीच्या आधी दाणे उधळले, मी बोलले, ती रुसून माहेरी गेली. सगळ्यांना पटलं. वच्छलाबाई तर म्हणाल्या, आजकालच्या पोरींना एक शब्द सोसत नाही. मी मान हलवली.

तुझ्या फोनमधला शेवटचा व्हिडिओ त्याच सकाळचा आहे.

तो बघायला मी दोन दिवस लावले. त्यात मी बोहनीवरून बोलतेय, ते आहेच. तू म्हणतेस, "आत्याबाई, मूठभर तर हाय." आणि मग मी म्हणते, "पोटाला लेकरू न्हाई म्हणून पाखरं पोसायलीस व्हय?"

लिहिलं एकदाचं.

रुद्राणी, त्याच आठवड्यात तुम्ही दोघं नगरच्या डॉक्टरांकडून हात हलवत परत आला होतात. मला ठाऊक होतं. ठाऊक नसताना बोलले असते तर निराळं. त्या व्हिडिओत पाखरं उडतात आणि पुढे अकरा मिनिटं नुसती अधोली दिसते. भाकरी थापल्याचा आवाज येत राहतो. तेवढं ऐकूनही तू आधी आमचा स्वयंपाक केलास आणि मग पिशवी भरलीस.

तो पुसून टाकायचं माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. बोट दाबून धरलं की टोपलीचं चित्र येतं, तिथपर्यंत मी पोचले होते. केदारला तू काही सांगितलं नव्हतंस. तो पुसला असता तर मी मरेपर्यंत ज्वारीवरच तरले असते. पण अख्खा महिना पाखरं बघितल्यावर ते जमेना. गेल्या गुरुवारी मी केदारला समोर बसवलं आणि तो व्हिडिओ लावला.

त्याने सगळा ऐकला, अकरा मिनिटंसुद्धा. मग म्हणाला, "मी दोनदा चकलांब्याला गेलतो, आई. काय झालं ते सांग म्हणून हात जोडले. तुजं नाव तिनं घेतलं न्हाई. मी तिलाच म्हणलो, तू लई हट्टी हायस." एवढं बोलून तो उठला आणि दुकान बंद केलं. भर बाजाराच्या दिवशी. दोन दिवस घरात जेवला नाही. शनिवारी आला, माझ्याकडून फोन मागून घेतला, माझे व्हिडिओ बघितले आणि त्यातला एक तुला पाठवला. माझ्याशी अजून तो कामापुरतंच बोलतो. बोलेल. आणि नाही बोलला तर मला तक्रार करायला तोंड नाही.

माझं चुकलं, रुद्राणी. ते शब्द मी रागात बोलले असं म्हणणार नाही, कारण मला राग आला नव्हता. तुला लागेल असं शोधून मी बोलले. तू माझ्या घरात सहा वर्षं खपलीस आणि मी त्याची ही परतफेड केली. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. आपल्या नवऱ्यालाही न सांगता तू हे एकटी वाहत होतीस, ते तुझ्या डोक्यावरून उतरावं म्हणून लिहिते.

आता पुढचं. राधाकिशन मास्तरांच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या आहेत. केदारने तिकडे स्वतंत्र राहायचं का, असं दबकत विचारलं. तू येतेस की नाही हे ठाऊक नसतानाच विचारतोय. मी हो म्हटलं. पूर्वेला मोठी खिडकी आहे, खाली शेवग्याचं झाड आहे. येत्या रविवारी तो खोल्यांची किल्ली घेऊन चकलांब्याला येईल. खोल्या बघून पसंत पडल्या तर किल्ली ठेव, नाही पडल्या तर परत पाठव, घरात कोणी तुला एक अक्षर विचारणार नाही. तिकडे राहायला आलीस तर तू बोलावल्याशिवाय मी पायरी चढणार नाही. शिवरात्र पंधराला आहे. त्या दिवशी मी इथेच असेन, एवढंच कळवते.

आपल्यात सासूने सुनेला आशीर्वाद लिहायचा असतो, शरणार्थ म्हणून वाकायचं ते सुनेने. वर लिहिला तो त्या रीतीने, हात आपोआप चालला. पण ज्याने अपराध केला त्याने आशीर्वाद कुठल्या तोंडाने द्यायचा? म्हणून इथे दोन्ही हात जोडून, डोकं खाली घालून लिहिते.

तुला माझा शरणार्थ.

महानंदा