गटातला खबऱ्या

४ मार्च
गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात गेलो आणि वजन उतरवायच्या गटात भरती होऊन बाहेर आलो. डॉक्टरीणबाई, आहार सांगणाऱ्या बाई, व्यायाम घेणारे सर, शिवाय मनातलं ऐकून घ्यायला आणखी एक जण. एका पोटामागे एवढी माणसं! गटात आम्ही पाच जण, त्यात माझा नेहमीचा न्हावीही. वजन म्हणे सगळ्यांचं मिळून धरणार. म्हणजे मी चापून खाल्लं की मान खाली न्हाव्याची.

११ मार्च
गटात ग्रंथपालबाई आहेत. रोज माझ्याच बसने जातात, पुढच्या बाकावर. "अहो, तुम्ही तर आमचे ड्रायव्हर," म्हणाल्या. मला काही बरं वाटलं नाही. आता स्टेअरिंगवरही पथ्य.

१९ मार्च
डॉक्टरीणबाईंनी बाजूला घेतलं. "शेवटच्या थांब्यावर काय खाता?"
काही नाही, म्हटलं. त्या नुसत्या हसल्या.
यांना कुणी सांगितलं? शेवटच्या थांब्यापर्यंत येणारी माणसं ठरलेली – ग्रंथपालबाई, दोन नर्सा, आणि मागे आमची लेक, मोबाइलमध्ये डोकं घालून.

२० मार्च
ग्रंथपालबाईच. दुसरं कोण?

२८ मार्च
आज तर हद्द झाली. डॉक्टरीणबाई विचारतात, "दिवसा झोप येते का? गाडी चालवताना कधी डोळा लागतो?" व्यायामवाले सर शेजारीच उभे. मी साफ नाही म्हटलं. खात्याच्या कानावर गेलं तर नोकरीवर गदा. "झोपेची तपासणी करून घ्या," म्हणाल्या. करतो करतो म्हणून सुटलो.
घरी हिला सांगितलं. ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्या ग्रंथपालबाई कशाला सांगतील? त्यांचं काय अडलंय?" लेक अर्ध्या ताटावरून उठली. कुणालाच माझं पटत नाही.

२ एप्रिल
दाढीला गेलो तर न्हावी म्हणाला, "दादा, पट्टा आत सरकलाय तुमचा. कोण सांगतंय ते सोडा ना."
कसं सोडू? हाही त्यातलाच असेल.
संध्याकाळी थांब्यावर ग्रंथपालबाईंनी हात केला. एकट्याच होत्या. मी गाडी थांबवली नाही. आरशात दिसत होत्या – हात तसाच वर.

५ एप्रिल
गटात सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "चहाड्या करणाऱ्यांबरोबर मी चालणार नाही."
ग्रंथपालबाई आधी इकडेतिकडे बघत राहिल्या. मग त्यांना कळलं. "मी बसमध्ये वाचत असते हो," म्हणाल्या. "तुमच्याकडे बघायला वेळ कुठे असतो मला?"
त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या. आहारवाल्या बाई मागून धावल्या, पण ग्रंथपालबाई परत आल्या नाहीत. न्हावी माझ्या शेजारून उठून पलीकडे जाऊन बसला.
जिंकलो म्हणावं, तर रात्री ताट तसंच सारलं.

६ एप्रिल
ग्रंथपालबाईंनी गटातून नाव काढून घेतलं. बसलाही नव्हत्या. पुढचा बाक रिकामा.

७ एप्रिल
आज गाडी काढली नाही. डेपोत सांगून आलो – तपासणी होईपर्यंत दुसऱ्या कुणाला द्या. साहेब बघतच राहिले. आता आधी ग्रंथपालबाईंकडे जायचं, मग दवाखान्यात.
झालं असं – सकाळी कामावर जायला डबा घेऊन निघालो, तर लेक दारात आडवी उभी. "बाबा, डॉक्टरांना मी सांगितलं. तुमचे रिपोर्ट आणायला गेले होते तेव्हा. त्या बाईंचा काही संबंध नाही."
मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाली, "गेल्या महिन्यात पुलाच्या अलीकडे मी जोरात हाक मारली होती, उतरायचंय म्हणून. तुम्ही माझ्यावर चिडलात, इथे थांबा नाही म्हणून. मला उतरायचं नव्हतं, बाबा. आरशात तुमचे डोळे मिटलेले दिसले."