चित्रपटातले अखेरचे वाक्य

रविवार, सायंकाळ.

लग्नानंतर शहागंजजवळच्या टॉकीजमध्ये पत्नीसह पाहिलेला प्रेमपट आज टीव्हीवर लागला. तेव्हा चितेगावची शेवटची बस गाठण्यासाठी आम्ही शेवटाआधीच उठलो होतो. त्यामुळे सर्वांच्या तोंडी असलेले ते अखेरचे वाक्य ऐकायचे राहून गेले. आजही नेमकी त्याच क्षणी ती स्वयंपाकघरात उतू जाणाऱ्या दुधाकडे धावली.

"अहो, काय म्हणाला तो शेवटी?"

असले वाक्य मी पत्नीसमोर उच्चारावे काय? या वयात? अखेर घसा साफ करून म्हणालो, "तू असशील, तेच माझे घर."

"कोण म्हणालं?"

"नायक."

"व्हय का? लई गोड बोलला की." पदराला हात पुसत ती समोर येऊन बसली. "आता तुम्ही म्हणा."

म्हणालो. वाक्य खरोखरच चांगले आहे.