टकटक थांबेपर्यंत

४ एप्रिल
मीटर आलं. हातात मावतं. चालू केलं की टकटक करतं, आणि टकटक म्हणजे किरणोत्सर्ग. मुलगी नातीला घेऊन पंधरा तारखेला येतेय. मागच्या खेपेस ढेकणांसाठी मी स्वतः बनवलेला धूर सोडला आणि दोघी दुसऱ्याच दिवशी परत गेल्या. या वेळी नात अख्खी सुट्टी इथे राहिली पाहिजे. घर असं निर्धोक करून ठेवतो की मुलीला नाव ठेवायला जागा उरणार नाही.

ही म्हणाली, त्यापेक्षा बाथरूमचा गळका नळ बघा. दूरदृष्टी सगळ्यांनाच नसते.

५ एप्रिल, सकाळी
केळी: टकटक. बटाटे: टकटक. मीठ, डाळ, नळाचं पाणी: टकटक. इतकी वर्षं आम्ही धडधाकट कसे राहिलो, याचंच नवल वाटतं. लाल स्टिकर आणले. जे वाजेल त्याला स्टिकर, आणि रवानगी मागच्या, लोखंडी जाळी लावलेल्या गॅलरीत.

संध्याकाळी
बाटलीबंद पाणी आणलं. तेही वाजलं. दुकानदार बदलायला हवा.

७ एप्रिल
स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा वाजतो. गवंड्याला बोलावलं. दगड एक नंबर आहे, तुमच्या नातवंडांना पुरेल, असं तो म्हणाला. नातवंडांसाठीच काढतोय, म्हणालो. ओटा निघाला. तो पण गॅलरीत.

शेगडी आता जमिनीवर. हिचे गुडघे बोलतात आणि ही अजिबात बोलत नाही. व्यायाम होतो, असं समजावून पाहिलं.

ओट्याखालची जमीनही वाजते. जमिनीला स्टिकर लावला, पण तिला गॅलरीत कसं नेणार?

९ एप्रिल
वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात भेटले. भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी फळा सुटलेला नाही. म्हणाले, हे थोडंबहुत सगळीकडे असतंच, मातीत, पाण्यात, खाण्यात. नुसतं हवेत धरलंत तरी मीटर वाजेल, त्याचं काही मनावर घेऊ नका. तळमजल्यावर जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो, तो तेवढा साठू देऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा.

मास्तरांचा स्वभाव पहिल्यापासून ढिला. वायूची बातमी मात्र कामाची. वायू म्हटल्यावर तो खिडकीतून येणार हे उघड आहे, आणि हे मला खिडक्या उघडायला सांगतात. मी बारावीपर्यंत सायन्सला होतो. मला कोण शेंडी लावणार.

१२ एप्रिल
सगळ्या खिडक्या बंद. फटींत फोम, फोमवर गोंद, गोंदावर चिकटपट्टी. गॅलरीच्या दारालाही कडेने फोम. आता वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येणार नाही. हिला गुदमरल्यासारखं होतं. सवयीने जाईल.

दुपारी टकटक जरा वाढल्यासारखी वाटली. बाहेरचा वायू शेवटचा जोर लावत असावा.

मलाही थोडं कोंडल्यासारखं झालं. उठून खिडकीशी गेलो, ओढून पाहिली. हलली नाही. आधी अभिमान वाटला आणि मग भीती. भीतीचं लिहून ठेवायचं काही कारण नव्हतं.

१५ एप्रिल
आल्या. नात दारातूनच हात पसरून धावत आली. प्रवासाची धूळ असते म्हणून आधी मीटर धरलं. वाजलं. मी एक पाऊल मागे सरलो. तिला आंघोळीला पाठवलं. आंघोळीनंतरही वाजलं, तेव्हा मीटर खिशात टाकलं. उचलून मात्र घेतलं नाही. उद्या घेईन.

मुलगी घरभर फिरली. ओटा कुठे गेला, असं विचारलं. खिडकी का उघडत नाही, असं विचारलं. नंतर काहीच विचारलं नाही. ही तिची लहानपणापासूनची खोड, गप्प झाली की ओळखावं, बॅग भरायला घेणार.

१६ एप्रिल, सकाळी
नातीने केळं मागितलं. गॅलरीत नेऊन सगळा प्रकार नीट समजावून सांगितला. केळी आत कधी येणार, असं तिने विचारलं. टकटक थांबली की, असं सांगितलं. तिला एका झटक्यात पटलं. या घरात माझी बुद्धी कुणी घेतली असेल तर तिनेच.

१६ एप्रिल, संध्याकाळी
गॅलरीतून लिहितोय. रोजनिशी खिशात होती ते बरं.

दुपारी नातीने मीटर मागितलं. कौतुकाने दिलं. तिने ते माझ्या पोटाला लावलं. वाजलं. तिने माझ्या शर्टावर लाल स्टिकर चिकटवला, हाताला धरून इथे आणलं, बटाट्यांशेजारी बसवलं, मीटर परत माझ्या हातात दिलं आणि आतून खालची कडी घातली. अगदी हळू घातली, मला वाईट वाटू नये म्हणून.

दार वाजवलं. पण फोम मी स्वतः बसवलेला. काम चोख झालंय, आत काहीही ऐकू जात नाही. शिवाय आत आता कुणी नाही. कोंदट हवेला कंटाळून तिघी वर मास्तरांकडे गेल्या. त्यांच्या खिडक्या सताड उघड्या आहेत. नात हसतेय ते इथे ऐकू येतं. हाक मारली तर मास्तरांनाही ऐकू जाईल, म्हणून बराच वेळ मारली नाही.

भूक लागली. स्टिकर काढून एक केळं खाल्लं. चांगलं होतं.

शेवटी हाक मारलीच. नात खिडकीत आली. आई म्हणते उद्या सकाळीच निघायचं, असं तिने सांगितलं. मला आत घे, म्हणालो. तिने विचारलं, टकटक थांबली का. मीटर छातीशी धरलं. गुडघ्यावर धरलं. नुसतं हवेत धरलं. वाजतच राहिलं. मग थांबा हं आजोबा, असं म्हणून ती आत गेली.

मीटरला बंद करायचं बटण आहे, हे बऱ्याच वेळाने सुचलं. दाबलं. टकटक थांबली. वर हाक मारली. खिडकीत मास्तर आले. टकटक थांबली म्हणून नातीला सांगा, असं म्हणालो. ती झोपली, म्हणाले.

एक केळं तिच्यासाठी ठेवलं होतं.